सबुरीच्या कुप्या

आमच्या मॅडम उंदरांना 'अहो' म्हणायच्या. आम्हा विद्यार्थ्यांना अरे-तुरे, संस्थेच्या संचालकांना नुसतं कोरडं 'सर', आणि पिंजऱ्यातल्या काळ्या उंदरांना मात्र अहो. "अहो, जरा शेपूट द्या बघू. झालं, झालं. संपलं." शेपटीच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, तो रंगवायचा आणि त्यात मलेरियाचे परजीवी किती वाढलेत ते पाहायचं, हे आमचं रोजचं काम. मी नवीन होते तेव्हा हसू आवरलं नाही. 'मॅडम, अहो कशाला?' असं विचारून बसले. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "ज्याचा जीव आपण घेणार, त्याच्याशी सलगी करू नये."

प्रयोगशाळा ठाण्यात होती. मी कल्याणहून जायचे, मॅडम डोंबिवलीतल्या मानपाड्याहून स्कूटरवर यायच्या. त्या मूळच्या तिथल्याच. आजोबांची खाडीकाठी मिठागरं होती, नंतर भातशेती, आणि आता त्या शेतांवर त्यांचे धाकटे भाऊ इमारती बांधत होते. मॅडमचं लग्न झालं नव्हतं. भावाच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या आणि जेवायला खाली यायच्या.

साचलेलं पाणी दिसलं की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नसे. पंक्चरवाल्याच्या दुकानातलं टायर, सोसायटीच्या वॉचमनची बादली, लोकांच्या घरातल्या कुंडीखालच्या बशा, जे दिसेल ते उपडं. विद्यार्थ्यांपैकी एकाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलेलो. हॉलच्या दारात पितळेच्या मोठ्या उरळीत पाकळ्या तरंगत होत्या. मॅडमनी वाकून पाहिलं, बोटाने पाकळ्या बाजूला केल्या आणि सगळी उरळी शेजारच्या कुंडीत रिकामी केली. नवरीची आत्या धावत आली. "अहो, काय करताय?" मॅडम म्हणाल्या, "अळ्या होत्या. आहेर समजा."

सर्वांत जास्त भांडण सख्ख्या भावाशी. स्कूटर त्याच्या साइटवर थांबवायची, पाण्याच्या टाकीवर चढून झाकण आहे का बघायचं आणि तिथूनच ओरडायचं. भाऊ खालून हात जोडायचे. "बाय, उतर गो खाली. पडशील." त्यांना आम्ही दादा म्हणायचो. महिन्यातून एकदा ते ठाण्याला यायचे तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांसाठी मोठा डबा घेऊन यायचे. डबा त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी केलेला असायचा. त्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी अजून आठवते.

लॅबमध्ये मॅडमचे नियम विचित्र होते. अत्तर, सुगंधी साबण, गजरा बंद. उंदरांना वास कळतो. घरी भांडून आलेल्याने अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे उंदरांच्या खोलीत, जायचं नाही. "आधी चहा घे. हात शांत होऊ दे. तुझ्या हातावरून त्यांना सगळं कळतं." आणि एक नियम बोलण्याचा. 'हा चांगला सायटोकाइन', 'हा वाईट सायटोकाइन' असं जो म्हणेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा.

हे सायटोकाइन म्हणजे मॅडमचं आयुष्य. परजीवी रक्तात शिरले की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि निरोप घेऊन जाणारे रेणू म्हणजे सायटोकाइन. 'धावा, हल्ला करा' असा एक निरोप, त्याच्या रेणूला मॅडम 'नगारा' म्हणायच्या. 'पुरे आता, आवरा' असा दुसरा, त्याचं नाव 'सबुरी'. खरी नावं इंटरफेरॉन गॅमा आणि इंटरल्युकिन-टेन. पण फळ्यावरसुद्धा त्या नगारा आणि सबुरीच लिहायच्या. नगारा वेळेवर वाजला नाही तर परजीवी माजतात आणि उंदीर मरतो. वाजतच राहिला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि मग रक्तात परजीवी फारसे नसतानाही उंदीर मरतो. "चांगला की वाईट विचारू नका," त्या म्हणायच्या. "केव्हा ते विचारा."

हे 'केव्हा' आम्ही पिंजऱ्यात बघायचो. पहिला आठवडा सरता सरता उंदराची लव उभी राहायची, पाठ कमानीसारखी व्हायची, चाल तिरकी. मग झटके. झटके सुरू झालेल्या उंदराला मॅडम यातना सोसू द्यायच्या नाहीत. ते काम त्यांनी कधी कुणावर टाकलं नाही. त्यानंतर बराच वेळ त्या गच्चीत खाडीकडे तोंड करून उभ्या असायच्या आणि आम्ही कुणी तिकडे फिरकत नसू.

त्या वर्षी आमचा प्रयोग लागला. परजीवी टोचतानाच ज्या उंदरांना सबुरी टोचली त्यांना झटके आलेच नाहीत. मॅडमनी तोच प्रयोग पुन्हा करायला लावला, मग पुन्हा. तिसऱ्यांदाही उंदीर ठणठणीत राहिले तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या. पण बातमी पसरली. त्यांच्या समाजाच्या लोकांनी डोंबिवलीत हॉल घेऊन सत्कार ठेवला. निवेदक माइकवर म्हणाला, आपल्या लेकीने मलेरियावर औषध शोधलं! टाळ्या थांबेनात. मॅडमनी माइक जवळजवळ हिसकावून घेतला. "औषध शोधलेलं नाही. काही उंदीर वाचले. तेही आम्ही आधीपासून दिलं म्हणून." लोकांना तो विनय वाटला, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

पाऊस ओसरल्यावर दादांना ताप भरला. साइटवर बऱ्याच मजुरांना मलेरिया झालेला, तसाच त्यांनाही, पण त्यातला जहाल प्रकार. डोंबिवलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. डॉक्टर तरुण होता, हुशार होता. योग्य ती इंजेक्शनं लगेच सुरू केली. दोन दिवसांत रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. घरच्यांनी सुस्कारा सोडला, कुणीतरी पेढेसुद्धा आणले. मॅडमनी पेढा हातातच धरून ठेवला. त्या सारख्या दादांच्या हाताकडे बघत होत्या. दादा चादरीच्या कडेला चिमटे काढत होते, काढतच होते. मॅडमनी विचारलं, "आज वार कुठला रे?"

"मिठाचा," दादा म्हणाले.

मॅडम डॉक्टरला बोलवायला धावल्या. डॉक्टर आला तोवर झटका आलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम हॉस्पिटलातून थेट लॅबमध्ये आल्या. उंदरांचा एक गट मधल्या टप्प्यावर होता, त्यांना बघणं भाग होतं. दादा बेशुद्ध होते. सूज मेंदूपर्यंत गेली आहे, आम्ही करतोय ते करतोय, आता वाट पाहायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मॅडमसाठी चहा करत होते तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी आत आल्या. एकट्या. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात घरातल्या सपाता.

"ताई, ते द्या," त्या म्हणाल्या.

मॅडमनी विचारलं नाही, काय. "ते देता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

"सत्काराच्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, उंदीर वाचले म्हणून. डोक्यात जातो तो मलेरिया थांबतो त्याने. डॉक्टर म्हणतात परजीवी गेलेत, आता नुसती सूज आहे. म्हणजे तुमचंच औषध लागणार ना? मी अडाणी आहे का?"

"नाहीस. बरोबर समजलीस तू. पण ते उंदरांसाठी आहे."

"खोटं!" वहिनी माझ्याकडे वळल्या. "हिनेच मला सांगितलंय, माणसाचाच रेणू आहे म्हणून. सांगितलंस की नाही गं?"

मी सांगितलं होतं. एकदा दादांऐवजी त्या डबा पोचवायला आल्या होत्या, तेव्हा गप्पांत. माणसाची सबुरी उंदरावरही चालते, म्हणून आम्ही तीच वापरायचो; फ्रीझरमध्ये तिच्या बोटभर कुप्या एका खोक्यात उभ्या होत्या. मी मान डोलावली.

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि वहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ऐक. रेणू माणसाचा आहे, पण ही कुपी माणसासाठी केलेली नाही. आणि उंदरांना आम्ही ती पहिल्या दिवसापासून दिली. झटका आल्यावर दिली तर काय होतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. उरलेसुरले परजीवी पुन्हा माजले तर? परदेशात आजारी मुलांचा असाच एक निरोप औषधाने बंद करून पाहिला होता लोकांनी. उंदरांत जमलं होतं. मुलांत नाही जमलं."

"तो मरतोय, ताई."

"माहीत आहे मला."

"तो उंदीर असता तर दिलं असतंत?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "दिलं असतं. मेला असता तर दुसरा घेतला असता."

वहिनी खाली बसल्या, फ्रीझरला पाठ लावून. रडल्या नाहीत. फ्रीझरची घरघर ऐकू येत होती. मग त्या उठल्या, मॅडमकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या पानात आयुष्यभर जेवण वाढलं मी," आणि निघून गेल्या. खाली रिक्षा उभी होती. तिचा आवाज दूर जाईपर्यंत मॅडम तशाच उभ्या.

मला राहवलं नाही. "मॅडम, डॉक्टरांना निदान विचारून तरी बघू या. परवानगी काढता येत असेल. काहीच न करण्यापेक्षा..."

"डॉक्टरला मी सकाळीच विचारलं. तो म्हणाला, तुम्हीच सांगा, तुम्ही त्यातल्या जाणकार आहात." त्या हसल्यासारखं काहीतरी करून गेल्या. "म्हणजे ते माझ्यावर आलं."

मग त्यांनी फ्रीझर उघडला. खोकं बाहेर काढलं आणि टेबलावर, खिडकीतून ऊन येत होतं तिथे ठेवलं. झाकण काढलं. एसी बंद केला. कुप्यांवर पांढरं दव होतं, ते हळूहळू पाणी होऊन ओघळायला लागलं. मला वाटलं त्या विसरल्यात. मी खोकं उचलायला हात पुढे केला.

"राहू दे."

"मॅडम, वितळतील! आपला अख्खा प्रयोग..."

"मी स्वतःला ओळखते गं. आत्ता मी शहाणी आहे. संध्याकाळी त्याच्या उशाशी बसले, त्याने एकदा 'बाय' म्हणून कण्हलं, की मी इथे येईन. मला थांबवायला तेव्हा कोण असणार? तू?"

ऑक्टोबरचं ऊन होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून त्या कुप्या वितळताना पाहिल्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. मधेच एकदा मॅडम खोक्याकडे झेपावल्यासारख्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. शेवटी एक कुपी उचलून त्यांनी गालाला लावून पाहिली, कोमट झाली होती. सगळं खोकं कचऱ्याच्या लाल पिशवीत गेलं. "आता हे उंदरालासुद्धा देता येणार नाही," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन हॉस्पिटलला निघाल्या.

पुढचे दिवस मी डबा घेऊन जायचे. अतिदक्षता विभागाबाहेर एक लांब बाक होता. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला मॅडम. मधे नातेवाईक येऊन बसायचे, उठायचे, ही दोन टोकं हलायची नाहीत. नातेवाइकांत कुजबुज व्हायची. उंदरांना जीव लावते, भावाला नाही. मॅडमना ती ऐकू जायची. आत जायची पाळी आली की त्या दादांच्या पापण्या, बोटं, पायाचे तळवे बघत राहायच्या आणि बाहेर आल्यावर डॉक्टरला बारीकसारीक सांगायच्या. तोही वैतागायचा नाही, ऐकून घ्यायचा. वहिनी त्यांची पाळी आली की नुसत्या बोलायच्या. मुलाची परीक्षा, साइटवरची स्लॅब, आज भाजी कुठली केली.

दादा शुद्धीवर आले ते वहिनींच्या पाळीला. त्या बाहेर धावत आल्या, "पाणी मागितलं! पाणी मागितलं!" असं ओरडल्या आणि समोर पहिल्या दिसल्या त्या मॅडमच्या गळ्यात पडल्या. मग लक्षात आलं तशा मागे सरकल्या आणि डॉक्टरला शोधायला गेल्या.

दादा वाचले, पण जसेच्या तसे राहिले नाहीत. उजवा हात थरथरायचा, भरलेला कप धरता यायचा नाही. चालताना एक पाय ओढायचा. नकाशावर सही करायला त्यांना मुलाचा आधार लागायचा. वहिनींच्या मनाने हिशोब पक्का केला होता. ती कुपी दिली असती तर हात वाचला असता. त्यांनी तसं कुणाला बोलून दाखवलं नाही, फक्त वरच्या मजल्यावर ताट पाठवायला लागल्या. मॅडमचं खाली येऊन जेवणं तिथेच थांबलं.

नव्या कुप्या यायला बरेच महिने लागले. त्या आल्या त्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर नवा प्रयोग मांडला. परजीवी टोचायचे, परजीवी मारणारं औषध द्यायचं, उंदीर तिरका चालायला लागेपर्यंत थांबायचं, आणि मग सबुरी. सगळ्यांना कळलं होतं त्या पिंजऱ्यात कोण आहे ते.

असा ताणाचा आठवडा मी पुन्हा पाहिला नाही. मॅडम पिंजऱ्यांपासून उठायच्या नाहीत. कुठल्या पिंजऱ्याला सबुरी आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवायला सांगितलं होतं. ते फक्त मला माहीत होतं आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. शेवटी कुठला पिंजरा कुठला ते मी चिठ्ठ्या लावून उघड केलं. उशिरा दिलेल्या सबुरीने काहीच साधलं नव्हतं. दोन्हीकडचे उंदीर सारखेच गेले. एक-दोन तर सबुरीवाले आधी.

मी जवळजवळ ओरडलेच. "मॅडम! तुम्ही बरोबर होतात! वहिनींना सांगू या आपण, मी येते तुमच्याबरोबर..."

"काय सांगणार?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "हे आज कळलं. तेव्हा मला काय माहीत होतं? हे उंदीर सगळे वाचले असते तर? तर आज तू मला काय म्हणाली असतीस?"

प्रयोग त्यांनी पुन्हा केला, तसाच आला. त्या घरी काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

मग एके दिवशी दादा लॅबच्या दारात. भिंतीला धरून उभे, कपाळावर घाम. "बाय, मना तुझे उंदीर बघाचेत."

मॅडमनी वाद घातला नाही. वरून परवानगी काढली, त्यांना गाऊन, टोपी, मास्क चढवला. थरथरता हात बाहीत जाईना तेव्हा मॅडमनी तो धरून आत घातला, लहान मुलाला शर्ट घालतात तसा. अ‍ॅनिमल हाउसमध्ये दादा पिंजऱ्यांच्या रांगेपुढे बराच वेळ उभे राहिले. एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून जाळीतून त्यांच्याकडे बघत होता.

"ते औषध तुझ्याकडे होतं ना?"

"होतं."

"मग तुझ्या पोरांकडून मी ऐकलं ते खरं. तू वितळवलंस."

"हो."

दादा पिंजऱ्याकडेच बघत होते. "दिलं असतंस तर माझा हात राहिला असता?"

मी दाराशी उभी होते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. आता सांगतील, मला वाटलं, आता तरी सांगतील. मॅडमनी मास्क खाली ओढला. "नंतर मी करून बघितलं, तुझ्यासारखंच, उशिरा देऊन. एकही वाचला नाही. पण ते उंदरांचं झालं. तुझं मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

दादा म्हणाले, "ती खाली बसलीये. गाडीत. वर येत नाय म्हनते. तिला हे सांगशील? असंच सांग. शेवटचं पन सांग."

दादांचा हात असा झाल्यापासून वहिनी गाडी चालवायला शिकल्या होत्या. गेटजवळ झाडाखाली गाडी उभी होती, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. मॅडम काचेशी वाकल्या. मी दादांना आधार देत मागे होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. मॅडमनी दादांना सांगितलं तसंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. शेवटचंही सांगितलं.

वहिनी समोर रस्त्याकडे बघत होत्या. "म्हणजे अजूनही माहीतच नाही."

"नाही."

"त्या दिवशीही हेच म्हणालात."

"हो."

रस्त्यावरून एक टँकर गेला, त्याच्या मागे धूळ. मग वहिनींनी डावीकडे वाकून पुढचं दार आतून उघडलं. सीटवर त्यांची पर्स होती, ती उचलून मांडीवर घेतली. "बसा. यांना मागे बसू दे. उतारावर मला भीती वाटते, तुम्ही जरा बाजूची गाडी बघा."

मॅडम बसल्या. दादांना मी मागे बसवलं. गाडी सुरू झाली, गेटात बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि वहिनींनी कुणाकडे न बघता, ओरडून विचारलं, "डावीकडून कुणी येतंय का, ताई?"

"थांब," मॅडम म्हणाल्या. "आता जा."